झिरो वायरमनची काठी

मागच्या शनिवारी आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे राजूर. जालन्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ आमच्याकडे आहे, बरं का! मोरगाव, राजूर, पद्मालय ही तीन आणि चिंचवडचं अर्धं. पुण्यात ऑफिसातल्या मंडळींना मी हे दर वेळी सांगतो, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, "राजूर म्हणजे ते नगरकडचं, भंडारदऱ्याजवळचं का?" नाही हो. हे वेगळं. अंगारकीला जालन्याहून रात्रभर पायी चालत लोक येतात, ते राजूर.

तर झालं असं, की मामींना शेवग्याच्या शेंगा काढायच्या होत्या. त्यांनी मागच्या दाराआडून एक लांब बांबू काढला. टोकाला लोखंडी हूक, त्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळलेली, आणि खालचा हातभर भाग धरून धरून गुळगुळीत, काळा झालेला. मी फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला तर मामा ओट्यावरूनच म्हणाले, "कामून रे, त्यात काय फोटो काढायला? शेंगा काढायची काठी हाय ती."

शेंगांची काठी ती आता झाली. आधी ती मामांची 'डीओ'ची काठी होती.

ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गावात दोन खांबांवर जो ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, त्याला आमच्याकडे 'डीपी' म्हणतात. त्याच्या वरच्या अंगाला तीन फ्यूज लटकत असतात, ते ड्रॉप-आऊट फ्यूज, म्हणजे 'डीओ'. वर अकरा हजार व्होल्ट, खाली आपल्या घरात येणारे दोनशे तीस. फ्यूज उडाला की तो बिजागरीवरून खाली लोंबतो (नावच ते!), आणि लांब काठीच्या हुकाने तो परत वर ढकलून बसवावा लागतो. हे काम लाईनमनचं. पण एका लाईनमनकडे गावं अनेक. मग गावातलाच एखादा धाडसी, थोडंफार काम शिकलेला माणूस लाईनमनच्या हाताखाली मदतीला राहतो. त्याची कुठल्याच रजिस्टरला नोंद नाही, पगार नाही, विमा नाही. कोणी दहा-वीस रुपये देतं, कोणी सुगीला पायलीभर ज्वारी. आख्ख्या मराठवाड्यात या माणसाला एक अधिकृत-अनधिकृत नाव आहे : झिरो वायरमन.

माझे मामा राजूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे झिरो वायरमन होते. मे २००९ पर्यंत. त्यांच्या डाव्या हाताला आज तीन बोटं आहेत.

माझी डिग्री इलेक्ट्रिकलची, पोट भरतं जावावर. (ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे :-) ) चार वर्षं ट्रान्सफॉर्मरची समीकरणं सोडवली, पण ही काठी कुठून आली, तिच्यामागे काय इतिहास आहे, असा प्रश्न कधी पडला नव्हता. या वेळी पडला. पुण्याला परत आल्यावर आठवडाभर रात्री हेच वाचत बसलो होतो. हा लेख म्हणजे त्याचं फलित. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात करू न्यूयॉर्कपासून. ११ ऑक्टोबर १८८९. त्या काळी मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तारांचं जंगल होतं. तारायंत्राच्या तारा, टेलिफोनच्या तारा, रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारा, सगळ्या एकमेकींच्या अंगाखांद्यावर. त्यात बंद पडलेल्या कंपन्यांच्या तारा तशाच लटकत राहिलेल्या. जॉन फीक्स नावाचा वेस्टर्न युनियन कंपनीचा लाईनमन भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या गर्दीच्या वेळी, खांबावर चढून निकामी तारा कापत होता. तो ज्या तारांमध्ये काम करत होता त्या तारायंत्राच्या. त्यांच्यात माणूस मरेल इतकी वीज कधीच नसते. पण काही चौक पलीकडे कुठेतरी दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेशी तिचा संबंध आला होता. फीक्सला ते कळायचा काही मार्गच नव्हता. तो तारांच्या जाळ्यात अडकला आणि पाऊण तासाच्या आसपास त्याचा देह तिथेच, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत लटकत राहिला.

एडिसन विरुद्ध वेस्टिंगहाऊस, डीसी विरुद्ध एसी, हे भांडण तेव्हा ऐन रंगात होतं, आणि या मृत्यूने त्यात तेल ओतलं. न्यूयॉर्कमध्ये लोक खवळले. महापालिकेने धोकादायक तारा कापायला घेतल्या, खांब उतरवले गेले, तारा जमिनीखाली घालण्याच्या कामाला जोर आला. आणि फीक्सच्या बायकोसाठी लोकांनी त्याच खांबावर एक डबा ठोकला. येणारे-जाणारे त्यात पैसे टाकत होते.

तो डबा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८९१ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात दहा प्रतिनिधी जमले आणि वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पहिला अध्यक्ष हेन्री मिलर, स्वतः लाईनमन. गावोगाव फिरून, मिळेल तिथे काम करत, त्याने माणसं जोडली. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला वादळानंतर लाईन दुरुस्त करताना त्याला शॉक बसला, तो खाली पडला आणि गेला. संघटना मात्र टिकली, आजही आहे. तिची पहिली गरज काय होती? पगार? तो होताच. पण त्याआधी साधी गोष्ट. या धंद्यातल्या माणसाचा विमा कोणी उतरवायलाच तयार नव्हतं, म्हणून निदान एकमेकांच्या अंत्यविधीचा खर्च तरी आपण करू, ही.

आता काठीकडे येऊ. सुरुवातीला विजेचे दाब कमी होते, तेव्हा लाईनमन रबरी हातमोजे घालून किंवा चक्क उघड्या हातांनी काम करत. दाब वाढत गेले तशी ही मस्ती चालेना. आणि दुसरीकडे लोकांना विजेची सवय लागली. कारखाने, ट्राम, दवाखाने सगळं विजेवर आलं, तेव्हा दर दुरुस्तीला लाईन बंद ठेवणं परवडेना. म्हणजे चालू लाईनवरच काम करायचं, पण तिला हात न लावता. उपाय बघायला गेलं तर अगदी गावठी आहे : कोरडं लाकूड घ्या, लांब घ्या, टोकाला हवं ते अवजार बसवा. १९१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या टेलरव्हिल गावी लाईनमननी अशी घरगुती अवजारं बनवली, असं या विषयावरच्या पुस्तकांत सांगतात. कुठलीही मोठी प्रयोगशाळा नाही, शास्त्रज्ञ नाही. खांबावर चढणाऱ्यांनीच स्वतःसाठी केलेला जुगाड. यातून पुढे 'हॉट स्टिक' नावाचा आख्खा प्रकार निघाला. काठीने क्लॅम्प आवळायचा, काठीने इन्सुलेटरची पिन काढायची, काठीने तारच उचलून बाजूला धरायची. माणूस मात्र तारेपासून ठरलेल्या अंतरावर.

यातली गंमत अशी, की अकरा हजार व्होल्टना हवेतून उडी मारायला फार तर एखादा सेंटीमीटर पुरतो. मग काठी एवढी लांब कशाला? कारण एक, माणसाचा हात थरथरतो, तोल जातो. आणि कारण दोन, वीज काठीच्या आतून जाते त्यापेक्षा तिच्या पृष्ठभागावरून जास्त सहज सरकते. धूळ, घाम, दव, पाऊस. काठी जितकी लांब आणि स्वच्छ, तितका हा रस्ता अवघड.

लाकडाचं खरं दुखणं इथेच आहे. लाकूड पाणी पितं. वॉर्निश लावा, तेल पाजा, पावसाळ्यात ते ओलावतंच. आणि वीज कधी जाते? पावसाळ्यात! म्हणजे काठीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ती सगळ्यात कमी भरवशाची. बांबू तर त्याहून वाईट. आत पोकळ, पेरापेरात ओल धरतो, चिरा गेल्या तर बाहेरून दिसतही नाहीत.

यावर उत्तर मिळालं १९५० च्या दशकात : काचेचे धागे आणि इपॉक्सी राळ यांची फायबरग्लासची काठी. ती पोकळ नळी असते, पण आतून फोम भरलेला असतो, म्हणजे आत दमट हवा साठून पाणी धरायला जागाच राहत नाही. तिच्या चाचणीचा अमेरिकी निकष वाचून मी दोनदा खात्री केली : दर एक फुटाला एक लाख व्होल्ट, पाच मिनिटं. लाकडाच्या काठीला हाच आकडा पंचाहत्तर हजार. म्हणजे कोरडं, नवं, चांगलं लाकूड काही वाईट नसतं. प्रश्न त्याच्या दहाव्या पावसाळ्याचा आहे.

हातमोज्यांचंही असंच. आपल्याला वाटतं रबर म्हणजे रबर. पण विजेच्या कामाच्या मोज्यांना वर्ग असतात. शून्य वर्गाचा मोजा १००० व्होल्टपर्यंत, पहिल्या वर्गाचा ७५००, दुसऱ्याचा १७०००, असं करत चौथ्या वर्गाचा ३६००० पर्यंत. रबराला टाचणीएवढं भोक पडलं तरी खेळ खलास, म्हणून वरून चामड्याचा मोजा घालतात आणि रोज काम सुरू करण्याआधी मोज्यात हवा कोंडून, मनगटापासून गुंडाळत नेऊन, कुठे फुसफुसतंय का ते बघतात. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर यांच्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. ती खूण नसलेली प्लास्टिकच्या मुठीची पक्कड म्हणजे फक्त हाताला मऊ लागणारी पक्कड. (आपल्या घरातली काढून बघा एकदा. मी बघितली. खूण नव्हती.)

आणि १९६० च्या सुमारास तर अमेरिकेत त्याच्याही पुढची पायरी आली. माणसाने तारेपासून दूर राहण्याऐवजी तारेच्याच दाबाला जायचं. धातूचे धागे विणलेला सूट घालायचा, जमिनीपासून इन्सुलेट केलेल्या पाळण्यात बसायचं आणि लाखो व्होल्टच्या तारेला सरळ हात लावायचा. तारेवर पक्षी बसतो तसं. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्याचा प्रयोग केला होता, त्याचा हा कपड्यातला अवतार. आपल्याकडेही मोठ्या पारेषण वाहिन्यांवर अशी कामं होतात आणि त्याचं प्रशिक्षण देणारी हॉटलाईन प्रशिक्षण संस्था बंगळूरजवळ आहे. थोडक्यात काय, तर हे तंत्र परदेशातच राहिलं असं अजिबात नाही.

मग राजूरपर्यंत का नाही आलं?

त्यासाठी आपल्याकडचा इतिहास बघू. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला. वीज कायदा आला १९१० मध्ये. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, त्यातून मुंबईच्या गिरण्या चालल्या. हे सगळं घाटाखाली. राजूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ते संपलं १७ सप्टेंबर १९४८ ला. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी, २० जून १९६० ला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. ज्यांना आमच्याकडे म्हातारी माणसं अजूनही 'एमएसईबी' म्हणतात ते हेच. (२००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण आजीच्या लेखी बिल अजून 'यमेशीबी'चंच येतं.) कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली, परळीचं औष्णिक केंद्र १९७१ ला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं आणि खेड्यापाड्यांत लाईन टाकायला केंद्राकडून कर्ज मिळू लागलं. १९७२ च्या दुष्काळाने तर विहीर आणि मोटार यांची किंमत सगळ्यांनाच कळली.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शहरात वीज आली ती घरांत, गिरण्यांत, जवळ जवळ. खेड्यात वीज आली ती मुख्यतः विहिरींवर, आणि विहिरी कुठे असतात? शेतात. लांब लांब. म्हणजे एका मोटारीसाठी दहा-बारा खांब आणि किलोमीटरभर तार. उघडी, वाऱ्यात झुलणारी, बाभळींना घासणारी. तारा भराभर वाढल्या, त्या सांभाळणारी माणसं त्या वेगाने वाढली नाहीत. झिरो वायरमनचा जन्म या फरकातून झाला. आणि त्याच्या हातात काय आलं, तर १९१३ साली टेलरव्हिलच्या लाईनमनच्या हातात जे होतं तेच. काठी.

(काठीचा दुसरा भाऊ तुम्हाला माहीतच आहे. 'आकडा'! तोही बांबूच, टोकाला तारेचा हूक. एक काठी वीज जोडायला आणि दुसरी चोरायला, पण बनावट सारखीच. गावात कधी कधी काठीही तीच आणि माणूसही तोच असतो. इथे थांबतो, नाहीतर मामा हा लेख कोणाकडून तरी वाचून घेतील.)

बरं, नियम नव्हते का? तर मुद्दा हाच. होते. भारतीय वीज नियम, १९५६. त्यातला छत्तिसावा नियम काढून वाचला. त्यात सांगितलंय, की कुठल्याही तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून किंवा दुसऱ्या योग्य मार्गाने तिच्यातली वीज उतरवली पाहिजे आणि काम चालू असताना ती अपघाताने पुन्हा चालू होणार नाही याची काळजी घेतली पाहिजे. काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधनं, हेल्मेट, लाईन टेस्टर ही साधनं दिली पाहिजेत. आणि अधिकृत नेमणूक नसलेल्या कोणीही चालू लाईनवर काम करायचं नाही, कोणी मदतही करायची नाही. माझ्या आईच्या जन्माच्या आधीचा नियम आहे हा! २०१० मध्ये त्याची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने आले. गाभा तोच.

आता बघा, नियम म्हणतो 'अधिकृत माणसालाच' आणि 'त्याला साधनं द्या'. झिरो वायरमन अधिकृत नाही. म्हणून त्याला साधनं द्यायचा प्रश्न येत नाही. म्हणून त्याचा अपघात झाला तर तो तिथे नव्हताच. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये त्याचा यूझर आयडीच नाही, पण प्रॉडक्शनवर रोज काम तोच करतो.

आता मे २००९.

मी सातवीची परीक्षा देऊन सुट्टीत राजूरला होतो. लग्नसराई. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला, जोराचा वारा सुटला आणि एका वस्तीकडे जाणाऱ्या अकरा केव्हीच्या फाट्यावरचा झंपर तुटला. झंपर म्हणजे मुख्य लाईन आणि फाट्याची लाईन जोडणारा तारेचा तुकडा. वस्तीवर दुसऱ्या दिवशी लग्न. लग्नघरचे लोक सकाळीच मामांकडे आले. मामांनी लाईनमनला फोन केला, लाईनमनने सबस्टेशनहून परमिट घेतलं, फीडर बंद झाला. लाईनमन दुसऱ्या गावी दुसऱ्या फॉल्टवर होता. मामा एकटे खांबावर चढले. दोराने स्वतःला खांबाला बांधून घेतलं. मुख्य लाईन बंद होती. शंभर टक्के बंद होती. नंतर चौकशीतही तेच निघालं.

फक्त एक झालं. वस्तीवरच्या लग्नघराने मांडवासाठी भाड्याने जनरेटर आणला होता. पंखे चालावेत, पाण्याची मोटार चालावी, म्हणून कोणीतरी त्याची वायर घराच्या बोर्डातच खुपसली. मेन स्विच खाली न करता.

इलेक्ट्रिकलवाल्यांना पुढचं कळलं असेल. बाकीच्यांसाठी : ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. वरून अकरा हजार दिले तर खाली सव्वाचारशे मिळतात. खालून दोनशे तीस दिले, तर वर दहा हजारांच्या आसपास तयार होतात. जनरेटरची वीज घराच्या बोर्डातून खांबावर गेली, तिथून डीपीत, डीपीतून उलटी वर फाट्याच्या तारेत. एरवी एवढ्या छोट्या जनरेटरवर आख्ख्या गावाचा भार आला असता आणि तो लगेच बंद पडला असता. पण झंपर तुटलेला होता, त्यामुळे फाटा मुख्य लाईनपासून सुटा होता. वस्तीवर चारच घरं आणि बंद मोटारी. भार जवळजवळ नाहीच. मामांनी झंपर जोडायला फाट्याकडची तार डाव्या हाताने धरली.

जनरेटर लहान होता म्हणून मामा वाचले. त्यांच्या अंगातून वीज जाताच तो आचका खाऊन बंद पडला. मोठा असता तर हा लेख मी लिहिला नसता. दोरामुळे मामा खाली पडले नाहीत, लटकत राहिले. हे मी बघितलेलं नाही. मला दिसली ती नंतर जीपमागे धावणारी मामी, आणि धान्याच्या पोत्यासारखं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. आधी जालना, मग औरंगाबाद (तेव्हाचं नाव). दोन बोटं गेली. उजव्या पायाच्या तळव्यातून वीज बाहेर पडली होती, ती जखम भरायला सहा महिने लागले.

भरपाई? कोणाकडे मागणार? मामा तिथे नव्हतेच ना. गावातल्या तरुणांनी मारुतीच्या पारावर डबा ठेवला, वर्गणी गोळा केली. लग्नघरच्यांनीही त्यात टाकले. पावणेदोनशे घरांनी दहा, वीस, पन्नास असे पैसे टाकले होते, मामींकडे ती वही अजून आहे. १८८९ चा तो डबा आणि २००९ चा हा डबा. मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता फीक्सबद्दल वाचताना ही गोष्ट लक्षात आली आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

फीक्स आणि मामा, दोघांचाही गुन्हा एकच. 'बंद' तारेवर विश्वास ठेवला. परमिट म्हणजे आपल्याकडचा लॉकच आहे एक प्रकारचा. पण लॉक फक्त त्यालाच अडवतं जो लॉक बघतो. भाड्याच्या जनरेटरला काय माहीत सबस्टेशनच्या रजिस्टरात काय लिहिलंय ते! म्हणून या धंद्यातला जुना नियम आहे : बंद करा, मग टेस्टरने तपासा, मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थ करा, आणि मगच हात लावा. अर्थ केलेली तार दुसरीकडून चालू झाली तरी वीज माणसाऐवजी जमिनीत जाते. यासाठी लागतो अर्थिंग रॉड, म्हणजे एका इन्सुलेटेड काठीच्या टोकाला क्लॅम्प आणि त्याला जोडलेली जाड वायर. परत काठीच! मामांच्या काठीची सुशिक्षित बहीण.

मी मामांना विचारलं, "तेव्हा अर्थिंग रॉड होता का तुमच्याकडं?"

"लाईनमनकडं होता की एक."

"मग?"

"त्यो त्याच्यासंगं दुसऱ्या गावी व्हता. त्यानं बी खांबावरच चढायचं व्हतं ना. त्याचा घेऊन मी काय करू?"

त्या लाईनमनवर मामांचा काडीचा राग नाही. अजून दिवाळीला येतो तो. आता रिटायर झालाय. मामांच्या उपचाराला त्याने स्वतःचे पैसे घातले होते हे मला या वेळी पहिल्यांदा कळलं.

आता चित्र थोडं बदललंय. ४ मार्चला देशात लाईनमन दिवस साजरा व्हायला लागलाय. मामांच्या मुलाने आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन ट्रेड, आणि तो आता रीतसर नोकरीत आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्याकडे स्वतःचे मोजे आहेत, हेल्मेट आहे, रॉड आहे. मी फोनवर विचारलं, वापरतोस का रे? तर म्हणाला, "पप्पांचा हात बघून मोठा झालोय दादा. कामून वापरणार नाही?" पण झिरो वायरमन संपलेत असं मात्र समजू नका. पावसाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, 'खांबावर काम करताना तरुणाचा मृत्यू', ती नीट वाचा. बऱ्याचदा तरुण कुठल्याच नोकरीत नसतो.

आणि हा लेख वाचणाऱ्या आपण शहरी मंडळींनी करायचं काय? माझ्या मते निदान दोन गोष्टी. आपल्या सोसायटीचा जनरेटर, गावाकडच्या घराचा इन्व्हर्टर, शेतावरचा जनसेट, यांना चेंजओव्हर स्विच आहे का ते बघा. असा स्विच, ज्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते, एकतर बाहेरची लाईन नाहीतर जनरेटर. दोन्ही एकदम शक्यच नाही. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं, छतावर सोलर बसवताय? तर लाईन गेल्यावर ग्रिडला जोडलेलं सोलर बंद का पडतं म्हणून इन्स्टॉलरशी भांडू नका, मी स्वतः ऑफिसात ही तक्रार ऐकलीये. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या कोणाला लागू नये म्हणून. आणि कोणी हुशार माणूस 'थोडं वायरिंग बदलून' ते चालू ठेवून देतो म्हणाला, तर त्याला हा लेख द्या.

निघताना मी मामांना म्हटलं, "ही काठी मला द्या. पुण्याला घेऊन जातो, भिंतीवर लावीन."

मामांनी उजव्या हाताने काठी घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सवयीनेच, चिरा गेल्यात का ते बघत होते. मग मामींकडे देत म्हणाले, "भिंतीवर लावून काय करतो? शेंगा कशानं काढायच्या मग?"

काठी राजूरलाच आहे. मी शेंगा घेऊन आलो.